बाकावर ठेवलेला हात

हे मी लिहावं की नाही, याची मला अजूनही खात्री नाही. मी शिक्षक नाही. लहान मुलांना कसं शिकवतात यावर मी काही वाचलेलं नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच, त्यामुळे घरच्यांना वाटतं की मला सगळं कळतं, आणि मला मात्र रोज नव्याने कळतं की तसं काही नाही. ज्या मुलीबद्दल मी लिहिणार आहे, तिने मला तिच्या वतीने बोलायला सांगितलेलं नाही. ती सांगूही शकत नाही. पण मराठीच्या मॅडम म्हणाल्या, कॉलेजच्या अंकासाठी तुला आवडणाऱ्या एखाद्या ऋतूवर लिही. आवडणारा असा ऋतू मला सुचेना. विसरता न येणारा एक सुचला. लिहिताना काही चुकलं तर सांभाळून घ्यावं.

तो ऋतू कॅलेंडरवर नसतो. आमच्या वाकोल्याच्या वस्तीत शाळांचे निकाल लागले की तो सुरू होतो आणि जूनमध्ये शाळा उघडल्या की संपतो. कोकणातली मंडळी गावी गेलेली असतात, म्हणून अर्ध्या दारांना कुलपं असतात. जे मागे राहतात ते छपरांवर निळं प्लास्टिक चढवतात, आणि तापलेल्या नव्या प्लास्टिकचा वास दिवसभर गल्लीत भरून राहतो. विजेच्या खांबांवर इंग्रजी शाळांचे बोर्ड लागतात. त्यांच्यावर टाय घातलेला एक गोरा मुलगा हसत असतो, जो आमच्याकडे कोणी कधी पाहिलेला नाही. आणि त्याच बोर्डांखालून, डोक्यावर छत्री धरून, खांद्याला कापडी पिशवी लावून, मराठी शाळेच्या बाई घराघरांतून फिरतात. दाराशी वाकून विचारतात, घरात सहा वर्षांचं कोणी आहे का?

याला पट वाढवणं म्हणतात. पट म्हणजे शाळेत नाव असलेल्या मुलांची संख्या. ती फार खाली गेली की वर्ग बंद करून मुलं दुसऱ्या शाळेत जोडतात. म्हणून बाई उन्हातून फिरतात आणि लोक त्यांना पाणी देतात, कधी सरबत, आणि गंमत करतात की आल्या बघा मतं मागायला. मी लहान असल्यापासून हे बघत आलो आहे. मलाही असंच दारातून उचलून नेलं होतं, असं मम्मी सांगते.

यंदा एप्रिल गेला, मे अर्ध्यावर आला, आणि छत्री घेतलेलं कोणी आमच्या गल्लीत आलं नाही. मी कॉलेजातून आल्यावर रोज विचारत होतो, शाळेतलं कोणी आलं होतं का. मम्मी पुढे पुढे नुसती मान हलवायला लागली.

आम्रपाली ही माझ्या ताईची मुलगी. आम्ही तिला आमू म्हणतो. ताई आणि दाजी आमच्याच भिंतीला लागून असलेल्या खोलीत राहतात. ताई कुरिअरच्या गोडाऊनमध्ये पार्सलं वेगळी करायला जाते आणि दाजी एका इंग्रजी शाळेची बस चालवतात, म्हणजे रोज सकाळी ते दुसऱ्यांच्या मुलांना शाळेत पोचवतात.

आमू बराच काळ काही बोललीच नाही. मग एक दिवस बोलली ती भंगारवाल्याच्या भोंग्यासारखी, त्याच्याच चालीत, पुराना टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशीन. गल्ली हसली. ताईने पेढे वाटले. आमच्या डोक्यावरून दिवसभर विमानं उतरतात, इतकी खाली की भांडी थरथरतात, पण आमू त्यांच्याकडे मान वर करूनही बघत नाही. कुकरची शिट्टी झाली की मात्र दोन्ही कान दाबून मोरीत जाऊन बसते. म्हणून ताई भात उघड्या पातेल्यात शिजवते. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी एक शब्द सांगितला होता, स्वमग्नता. ताईला तो पटला नाही. ती म्हणाली, स्वतःत कुठे मग्न आहे ती, मला तर मिनिटभर सोडत नाही.

तिला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा ताई आधी जवळच्या इंग्रजी शाळेत गेली होती. तिथल्या मॅडम फार गोड बोलल्या. आमच्याकडे तशी सोय नाही, तुमच्याच मुलीचं नुकसान होईल. बाहेर आल्यावर ताई मला म्हणाली, "हाकललं रे, पण खुर्ची देऊन हाकललं."

त्यानंतर आठवड्याभरातच सावंत बाई दाराशी आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, मालवणकडच्या. राहायला चारकोपला. गुडघे दुखायचे म्हणून त्या आमच्या पायरीवर बसूनच बोलल्या. आमू दाराच्या फटीत उभी राहून फ्रॉकचं टोक चावत होती. ताईने लपवलं नाही. म्हणाली, ही वेगळी आहे बाई, ओरडते, कधीकधी चावतेसुद्धा.

"माका चावली तर मी पण चावतंय," बाई म्हणाल्या.

ताईला हसावं की नाही ते कळेना. तिने विचारलं, "तुम्ही घेणार हिला?"

"घेणार का म्हणजे? शाळा आहे, पोरगी सहा वर्षांची आहे. झालं." मग पदराने मान पुसत बाई म्हणाल्या, "आणि खोटं कशाला बोलू, मला पट हवाय. तुझी पोरगी आली की माझं एक पोर वाढतं."

मला ते तेव्हा थोडं लागलं. ताईला अजिबात लागलं नाही. आमूची कुणाला तरी गरज आहे, असं तिने पहिल्यांदाच ऐकलं होतं.

शाळेची इमारत मोठी आहे. दुसऱ्या माध्यमांचे वर्ग खच्चून भरलेले, आणि मराठीचे वर्ग दुसऱ्या मजल्याच्या टोकाला सरकत गेलेले. पहिली-दुसरी एकत्र बसायची त्या खोलीत चाळीसेक मुलांचे बाक आणि मुलं जेमतेम दहा. आवाज केला तर घुमायचा, म्हणून मुलं आपोआप हळू बोलायची. खिडकीत एक गुलमोहर होता, त्याची फांदी गजांमधून आत आलेली. माझं कॉलेज सकाळचं आणि आमूची शाळा दुपारची, म्हणून तिला पोचवायचं काम माझ्याकडे आलं. पहिले काही आठवडे मी जिन्यात पुस्तक घेऊन बसायचो, बाईंनी हाक मारली की आत जायचो. पहिल्याच दिवशी घंटा झाली आणि आमूने माझ्या मनगटाचा असा चावा घेतला की दातांची पूर्ण गोलाई उमटली. प्रार्थनेला ती किंचाळली. जेवणाच्या सुट्टीत बाकाखाली गेली ती शाळा सुटेपर्यंत बाहेर आली नाही. बाईंनी बाकाखाली एक जुनी सतरंजी सरकवून दिली आणि शिकवत राहिल्या.

आज विचार केला की वाटतं, ती शाळा हळूहळू संपत होती म्हणूनच तो वर्ग शांत होता, आणि तो शांत होता म्हणूनच आमू तिथे बसू शकली. त्या वेळी हे असं जोडून पाहायचं सुचलं नाही. त्या वेळी आम्ही नुसते खूश होतो.

हजेरीचं असं झालं. नाव पुकारलं की आमू उत्तर द्यायची नाही. मोठ्याने पुकारलं की कान दाबायची. एक दिवस बाई बाकांमधून चालत हजेरी घेत होत्या, गुडघ्यात कळ आली म्हणून आधाराला त्यांनी आमूच्या बाकावर तळवा टेकला. आमू त्या तळव्याकडे बघत राहिली. मग बाकाखालून वर आली आणि तिने आपला तळवा त्याच्या शेजारी ठेवला. अगदी लागून, पण न टेकवता. बाई थांबल्या. जरा वेळाने हळूच म्हणाल्या, हजर. मी दारातून बघत होतो. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी तिच्या शेजारची नेहा म्हणाली, बाई, माझ्या पण बाकावर.

मग सगळ्या वर्गाचीच हजेरी तशी व्हायला लागली. बाई दुखऱ्या गुडघ्यांनी बाकाबाकापाशी जायच्या, तळवा ठेवायच्या, पोर शेजारी आपला तळवा ठेवायचं. कोणी काही बोलायचं नाही. वरच्या मजल्यावरून पाढ्यांचा गलका यायचा, आणि या खोलीत फक्त बाईंच्या चपलेचा आवाज.

नेहाने आणखी एक काम स्वतःकडे घेतलं होतं. घंटेच्या आधी ती आमूचे कान झाकायची. तिला घड्याळ वाचता यायचं नाही, त्यामुळे बिचारी फार आधीपासून कान झाकून बसायची, आणि दोघी तशाच घंटेची वाट बघत राहायच्या. कधी घंटा झाली तरी नेहाला हात काढायची आठवण नसायची.

दिवाळीपर्यंत आमू सुट्टीपर्यंत बसायला लागली. थंडीत पूर्ण दिवस. कधीतरी येणाऱ्या विशेष शिक्षिकेने तिला चित्रांची कार्डं दिली, पाणी, शू, घरी, आणि आमू ती कार्डं दाखवायला शिकली. त्याहून मोठी गोष्ट घरी घडली. संध्याकाळी शाळेतून आली की ती घराची हजेरी घ्यायची. गॅसच्या सिलिंडरवर तळवा ठेवायची, थांबायची, म्हणायची, "हजर." पाण्याच्या पिंपावर, माझ्या पुस्तकांवर, झोपलेल्या दाजींच्या छातीवर. भिंतीवरच्या फोटोंखालीही ती हात ठेवून थांबायची, आणि मम्मी म्हणायची, ते हजरच असतात गं बाळा. माझे पप्पा वॉचमनच्या ड्युटीवर गेलेले असले की आमू त्यांच्या उशीवर तळवा ठेवून बराच वेळ उभी राहायची. तिथे मात्र ती काहीच म्हणायची नाही.

माणसाची उणीव तिला कळत होती. असं नाही की कळत नव्हती.

मग पुन्हा तो ऋतू आला. गल्लीत प्लास्टिकचा वास, फणस चिरल्याचा वास, तेल लावून हात धुणाऱ्या बायका. बाई आल्या आणि या वेळी पायरीवर बसल्या नाहीत. वरून स्पष्ट सांगितलं होतं, पट वाढला नाही तर पहिली-दुसरी दोन्ही वर्ग हायवेपलीकडच्या शाळेत जोडले जातील. हायवेपलीकडची शाळा म्हणजे भरलेला वर्ग, भलामोठा रस्ता, गाड्यांचे हॉर्न आणि अंधारा सबवे. आमू त्या सबवेच्या तोंडापर्यंतही कधी आली नव्हती. ताईने मला बाईंबरोबर पाठवलं.

माझं काम म्हणजे उभं राहणं. बाई म्हणाल्या, "तू फक्त उभो रव. बोलतंय मी." प्रत्येक दारात त्या माझ्याकडे बोट दाखवायच्या. हा बघा, आपल्याच शाळेतला, मराठीत शिकला, आता कॉलेजात आहे, इंग्रजी पण बोलतो. एका घरात मला इंग्रजी बोलून दाखवायला सांगितलं. मी काय बोललो ते आठवत नाही. घरातली आजी म्हणाली, बरं बोलतो, पण बारीक किती झालाय. लोक हसले, बाई हसल्या, आणि नावं मिळाली नाहीत. एका बाईंनी फार प्रेमाने सांगितलं की आमचं मराठीवर प्रेम आहे, पण पोराचं आयुष्य आहे ना.

परबांच्या चाळीत मात्र आशा होती. तिथल्या परब वहिनी आणि त्यांच्या शेजारची तीन घरं, चौघांची मुलं एका वयाची, आणि चौघांचं ठरलेलं की घालायची तर एकत्र घालायची. इंग्रजी शाळेने ऐन वेळी काही नव्या अटी काढल्या होत्या, म्हणून त्यांचं मन वळत होतं. वहिनींनी आम्हाला आत बसवलं, कोकम सरबत दिलं. बोलणं जवळपास पक्कं झालं तेव्हा त्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "बाई, स्पष्ट बोलते, राग मानू नका. ती ओरडणारी पोरगी तुमच्याच वर्गात आहे ना?"

बाईंनी ग्लास खाली ठेवला. म्हणाल्या, "आहे. आणि हा तिचा मामा."

वहिनी लाल झाल्या. पण मागे हटल्या नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुझ्या भाचीवर माझा राग नाही रे. पण आमचा वेदू फार उशिरा बोलायला लागला. आता कुठे नीट बोलतोय. मुलं एकमेकांचं बघून शिकतात ना. तो पुन्हा मागे गेला तर मी काय करू?"

वेदू तिथेच गादीवर बसून खेळण्यातला ट्रक चालवत होता, तोंडाने आवाज काढत. मला वहिनींचा राग यायला हवा होता. पण आमू बोलत नव्हती त्या वर्षांत माझी ताई जशी दिसायची, तशाच त्या मला दिसल्या. शेवटी ठरलं की शाळा उघडल्यावर चौघी जणी दोन-तीन दिवस येऊन वर्ग बघतील आणि मगच नावं घालतील.

 परत येताना कोपऱ्यावर उसाचा रस घेतला. बाई एवढंच म्हणाल्या की तुझ्या ताईला यातलं काही सांगू नकोस. मी सांगितलं नाही. पण वस्तीत कुणाला काही सांगावं लागत नाही. संध्याकाळी ताई नळावरून आली ती सगळं ऐकूनच.

ती भाकऱ्या थापत होती. तव्याकडे बघतच बोलली. चार दिवस आमूला पाठवत नाही. त्या बघून जाऊ देत, नावं घालू देत, मग पाठवते. मी म्हणालो, हे बरोबर नाही गं. तिने भाकरी उलटली.

"शाळाच राहिली नाही सिद्धू, तर ही जाणार कुठे? तू सांग."

 दुसऱ्या दिवशी बाईंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, असं नको करू बाय. मग गल्लीतून जाणारा हातगाडीवाला पूर्ण पुढे जाईपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, "चारच दिवस हां."

शाळा उघडली त्या दिवशी ताईने आमूचा युनिफॉर्म उंच फळीवर, पत्र्याच्या पेटीत ठेवला होता. आमू सकाळपासून पेटीखाली उभी. दुपारी गल्लीतली मुलं दप्तरं घेऊन निघाली तशी ती दाराला गेली, पुन्हा पेटीखाली आली, पुन्हा दाराला. ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ताईने गोडाऊनमध्ये रजा घातली होती. ती पाठमोरी बसून पुन्हा पुन्हा तेच तांदूळ निवडत होती. आमू आली आणि तिने ताईच्या पाठीवर तळवा ठेवला. ताई हलली नाही.

वहिनी आणि बाकीच्या तिघींना वर्ग आवडला. किती शांत आहे, म्हणाल्या, खिडकीत झाड पण आहे. नावं घातली. त्यांचं बघून मागच्या गल्लीतल्या काही घरांनी घातली, मग आणखी काहींनी. वरच्या ऑफिसमधले लोक येऊन बघून गेले आणि वर्ग राहणार असं सांगून गेले. त्या दिवशी बाईंनी आमच्या घरी पेढे पाठवले. मम्मीने ते फोटोंपुढे ठेवले आणि आम्ही सगळ्यांनी एकेक खाल्ला. आमूनेही.

चार दिवसांचे पंधरा झाले. नवी मुलं आधी रुळू देत, असं कुणीतरी म्हणालं. मग मी आमूला घेऊन गेलो. जिन्यातच तिची चाल मंदावली, कारण वरून आवाज येत होता. वर्गात तिच्या बाकावर तीन मुलं बसली होती. नेहा दुसऱ्या रांगेत कुठेतरी होती, तिने हात हलवला. बाईंनी हजेरी सुरू केली ती टेबलापाशी उभ्या राहून, कारण एवढ्या मुलांमधून बाकाबाकाशी जाणं शक्यच नव्हतं. हजर बाई, हजर बाई, एकेक मूल दुसऱ्यापेक्षा मोठ्याने. आमू बाकांमधल्या जागेत उभी राहून बाईंच्या हाताकडे बघत होती. हात टेबलावर होता. ती चालत गेली आणि टेबलावर त्या हाताशेजारी आपला तळवा ठेवला. मुलं हसली. चाळीस मुलांचं हसणं एका खोलीत फार मोठं होतं. आमू किंचाळली, उभ्या जागी ओली झाली, आणि तिला धरायला आधी जो समोर आला त्याच्या दंडाला चावली. तो वेदू होता. तो फक्त मदतीला पुढे आला होता.

दुसऱ्या दिवशी गेटवर पालक उभे होते. मुख्याध्यापकांनी ताईला आत बसवून नीट समजावलं. अशा मुलांना घरीच शिकवायची सोय असते, शिक्षिका घरी येतात, नाव शाळेतच राहतं. नाव कुठेही जात नाही, असं ते दोनदा म्हणाले. घरी येताना ताई मलाही तेच सांगत होती. नाव आहे तिचं. नाव नाही काढलं.

कुणीही आमूला हाकललं नाही, हे मी इतरांना सांगायला जातो तेव्हा मलाच खरं वाटत नाही. सगळे तिच्या बाजूचे होते. वहिनींनीसुद्धा वेदूच्या दंडावरची खूण बघून भांडण केलं नाही, उलट आमूसाठी मोदक पाठवले. शाळा वाचवायची म्हणून आम्ही जे जे केलं, त्यात तिच्याविरुद्ध असं काही नव्हतंच. फक्त शाळा वाचली तेव्हा ती आत नव्हती.

घरी येणाऱ्या शिक्षिका काही वेळा आल्या. त्यांच्याकडे मानखुर्दपर्यंतची मुलं होती. त्यांचा चेहरा इतका दमलेला असायचा की मम्मी आधी त्यांनाच चहा द्यायची आणि मग आमूला पुढे करायची. त्यांचं येणं हळूहळू थांबलं. शनिवारी शाळा सकाळची असते, म्हणून सावंत बाई शनिवारी दुपारी यायच्या. दाराजवळच्या लादीवर बसायच्या, लादीवर तळवा ठेवायच्या. आमू आपला ठेवायची. बाई म्हणायच्या, हजर. मग त्या दोघी चित्रं काढायच्या. त्या शनिवारी ताई लवकर सुट्टी मागून यायची, कारण त्या वेळात तिची मुलगी शाळेत असायची, निदान तिच्या मनात.

गेल्या दिवाळीत बाईंची बदली झाली, त्यांच्या घराकडच्याच शाळेत. गुडघ्यांसाठी बरं झालं, असं आम्हीच त्यांना म्हणालो. तरी त्या काही शनिवारी बस बदलत आल्या. मग नाही आल्या.

आमू अजूनही शनिवारी दुपारी दाराजवळच्या त्या लादीवर तळवा ठेवून बसते. तिला शनिवार कसा कळतो, मला माहीत नाही. मी एकदा तिच्यासमोर बसून माझा तळवा ठेवला. तिने तो उचलला आणि बाजूला नेऊन ठेवला, चुकीच्या जागी राहिलेलं भांडं उचलून ठेवावं तसा. रागाने नाही. मग पुन्हा आपला तळवा लादीवर ठेवून गल्लीकडे बघत राहिली.

या वर्षीही मेमध्ये ताईने तिच्या मापाचा नवा युनिफॉर्म आणला. आमू उंच झाली आहे. कशाला आणला, असं दाजींनी विचारलं तेव्हा ताई म्हणाली, पटावर आहे ती.  दाजींची शाळेची बस सुट्टीत धुवून-पुसून उभी असते, आणि आमूला रिकाम्या बसमध्ये मागच्या सीटवर बसायला आवडतं. कधीकधी ते तिला तिथे नेऊन बसवतात आणि स्वतः पुढे ड्रायव्हरच्या सीटवर बसून राहतात, गाडी सुरू न करता.

मी मात्र छत्रीची वाट बघत होतो. कोणी तरी येईल, दाराशी वाकून विचारेल, आणि मी विचारेन की आता वर्ग कसा आहे, मुलं किती आहेत, एका कोपऱ्यात एखादा बाक मिळेल का. मनात वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती. कोणी आलं नाही.

काल संध्याकाळी सावंत बाईंचा फोन आला. बऱ्याच महिन्यांनी. त्या आमच्या शाळेत आपलं कपाटात राहिलेलं सामान न्यायला गेल्या होत्या, तिथूनच बोलत होत्या. आधी आमूचं विचारलं. मी बरी आहे म्हणालो. मग त्यांनी सांगितलं. परब वहिनींनी वेदूला इंग्रजी शाळेत घातलं, बाकीच्या तिघींनीही, आणि त्यांचं बघून इतरांनी. ज्यांचं बघून सगळे आले होते त्यांचंच बघून सगळे गेले. उरलेली मुलं हायवेपलीकडच्या शाळेत जोडली आहेत. पटावरची सगळी नावं तिकडे पाठवली, आमूचंही.

मी विचारलं, आणि आपला वर्ग? पलीकडून विमानाचा आवाज आला, तोच आमच्याही डोक्यावरून गेला, आणि तो जाईपर्यंत दोघंही थांबलो.

"त्याच्याच दारात उभी आहे मी," बाई म्हणाल्या. "बाक सगळे तसेच आहेत. ती फांदी पण आत आली आहे. कसलाच आवाज नाही रे. तिला हवा होता ना, अगदी तसा झालाय वर्ग." मग त्यांचा श्वास ऐकू आला. "दाराच्या गजातून बघतंय मी. खोलीक कुलूप घातल्यानी."